बापाकडच्या बायका

“आणि वडिलांकडच्या बायका?” डॉक्टरबाईंनी विचारलं आणि मी काकूंपासून सुरुवात केली. थोरल्या काकूचे गुडघे, धाकटीची साखर. त्यांनी पेन वर उचलून धरलं. “अहो, या लग्न होऊन आलेल्या. यांचं रक्त तुमच्यात कुठून येणार? वडिलांच्या सख्ख्या बहिणी विचारतेय मी.” “त्या आमच्यात मोजत नाहीत,” मी म्हणाले, “त्या दिलेल्या.” असं मी म्हणाले; बी.ए. झालेली, सांगलीत विश्रामबागेत दोन खोल्यांचा संसार करणारी, लेकीचा पोलिओचा डोस कधी आणि गोवरची सुई कधी हे पाठ असलेली मी. आणि शब्द तोंडातून गेल्यावर ब्लाऊजच्या शेवटच्या बटणावर माझा हात तसाच राहिला.

मी मिरजेला गेले होते ती दूध साकळून ताप आला म्हणून. ओवी पाच महिन्यांची. “शेका, पाजत राहा, उतरेल,” एवढ्यावर काम झालं होतं. मग सवयीनं बाईंनी घरची माणसं विचारायला घेतली. कागदावर बाई असली की गोल, पुरुष असला की चौकोन. आईची बाजू भराभर भरली. आजी ऐंशीची होऊन गेली, मावश्या खुशाल. माझ्या डोक्यात तेच होतं की बाईचं दुखणं आईकडून लेकीकडं येतं, नाकासारखं, हातच्या चवीसारखं. बापाकडून येतं ते आडनाव आणि जमीन, आणि जमीनसुद्धा भावाला. बाईंनी कागदाच्या कोऱ्या बाजूला एक चौकोन काढला, म्हणाल्या, “हे तुमचे वडील,” आणि त्याच्या शेजारी दोन गोल काढून माझ्याकडं बघत राहिल्या. रिकामे, बांगडीसारखे गोल. त्यांत कोण बसणार ते मला ठाऊक होतं. आयुष्यभर ठाऊक होतं. फक्त त्या दोघी माझ्या कुणी आहेत हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

रंगूआत्ती गेली तेव्हा मी दुसरीत असेन. फलटणकडचं आमचं घर उसाला लागून. मागच्या अंगाला कांद्याची खोली. त्या खोलीत तिला ठेवली होती. आम्हा पोरांना आत सोडत नसत, पण दार पुरतं लागत नसे आणि फटीतून वास यायचा. लिंबाच्या पाल्याचा, धुवून धुवून विरलेल्या पातळाच्या घड्यांचा, आणि त्या दोन्हींच्या खाली एक गोडसर, जड असा तिसराच. “कोण, राजी काय गं? बाहेर काय चाललंय?” ती विचारायची. मी फटीला तोंड लावून सांगायची, की गुऱ्हाळ पेटलंय, की काळीनं पाडी दिली. ती म्हणायची, “पाडी व्हय? बरं झालं. पाडीच बरी.” मग ती गेली, आमच्याच घरात गेली, आणि तिच्या सासरची माणसं आली ती अंगणाबाहेर उभी राहिली. पाणी घेतलं नाही. तिचा दीर एवढंच बोलला: “आमची सून तुमच्या दारातनं निघाली. आता तुमचं तुमीच बगा.” लेकीचं मढं सासरच्या उंबऱ्यातून निघावं, माहेरच्या नव्हे, एवढी एक गोष्ट आण्णांना पाळता आली नव्हती. आण्णा तेव्हा पलटणीतून सुट्टीवर आले होते. त्यांनीच बहिणीला अग्नी दिला. रंगूआत्तीची दोन्ही पोरं त्या दिवसापासून आमच्या घराकडं फिरकली नाहीत. काय झालं होतं असं कुणी विचारलं तर आई ‘फोड’ म्हणायची, काकू ‘कावीळ’ म्हणायच्या, आणि आण्णा उठून उसात जायचे.

आणि अंबूआत्ती. धाकटी, जतकडं दिलेली, जिभेची तिखट. पाच वर्षांपूर्वी साताऱ्याला नेऊन तिच्या छातीची एक बाजू काढली, आणि घरात नुसतं “अंबूची गाठ काढली” असं बोललं गेलं, जशी काही म्हशीची गोचीड काढली. संक्रांतीपासून ती पुन्हा आमच्याकडं फलटणला होती, औषधपाण्यासाठी. डोळे पिवळे झालेले. हे सगळं मी दवाखान्यातल्या लोखंडी खुर्चीवर बसून सांगत होते आणि बाईंचं पेन एक गोल काळा करत होतं, मग दुसरा. ओवी माझ्या मांडीवर जागी झाली आणि पदर ओढायला लागली.

बाईंनी न घाबरवता सांगितलं. काही घराण्यांत हे रक्तातून उतरतं. बापाला काही होत नाही बहुधा. तो ठणठणीत राहतो आणि पुढं देतो. प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता, मुलगा असो, मुलगी असो. आता दोन-चार वर्षांत त्याची तपासणी निघाली आहे; त्यांच्या ओळखीची एक प्रयोगशाळा मुंबईला अभ्यासासाठी असली रक्तं घेते. “पण आधी जिला आजार झालाय तिचं रक्त लागेल. तिच्यात दोष नेमका कुठं आहे ते सापडलं, तर तेवढीच जागा तुमच्यात बघता येते. मग ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगता येतं. नुसतं तुमचं रक्त पाठवलं आणि काही मिळालं नाही, तर खरंच नाहीये की आम्हाला सापडलं नाही, हे मी तुम्हाला कधीच सांगू शकणार नाही. आत्याबाईंना घेऊन या. लवकर.” लवकर हा शब्द त्यांनी ओवीकडं बघत उच्चारला.

माझा नवरा शिवतेज कुपवाडच्या कारखान्यातून आला की त्याच्या हाताला मशीनवरच्या कूलंटचा वास असतो; साबणानं जात नाही. जेवताना मी सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, ताटातला भात बोटांनी उगाच पसरत राहिला. “आणि कळून काय करणार?” असं त्यानं विचारलं. रागानं नाही. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. दर सहा महिन्यांनी तपासून घ्यायचं, बाई म्हणाल्या होत्या. नाहीतर काहीजणी आधीच काढून टाकतात. काढून टाकतात. पडवळाचा वेल काढावा तसं. ओवी पिताना डोळे मिटून एक मूठ माझ्या छातीवर आपटत राहते, आतल्या कुणाला तरी दार उघडायला सांगावं तशी. आधी मला त्याचं हसू यायचं. त्या दिवसांत मी तिची मूठ धरून ठेवायला लागले. वाटायचं, जे माझ्यात आहे ते दुधातून जातं का? नाही, बाई म्हणाल्या होत्या, दुधातून नाही जात, जायचं असेल तर ते आधीच गेलेलं आहे. हे दुसरं वाक्य त्यांनी कशाला सांगितलं असेल?

फोनवर आण्णा “बघू” म्हणाले. मी पुन्हा फोन केला, “गुरुवारी आत्तीला आणा, बाई थांबणार आहेत, आत यावंसुद्धा लागणार नाही.” “बघू की गं.” आण्णांचं ‘बघू’ म्हणजे काय असतं हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, तरी गुरुवारी सकाळी दारात जीप थांबली तेव्हा मी ओवीला शालीत गुंडाळून धावत बाहेर आले. आमच्या शेजारगावचा लालासाहेब गाडीवर. पुढच्या सीटवर आण्णा, मांडीवर दुकानातलं पुडकं, त्याच्या फाटक्या कोपऱ्यातून हिरवा काठ दिसत होता. मागं गादी टाकून अंबूआत्ती. मला बघून ती हसली, दात तेवढे मोठे वाटले.

“बघ राजे. तुझ्या बापानं परत हळद लावली मला. दुसऱ्यांदा सासरी घालवाय निघालाय.”

“जतला निघालोय,” आण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले. “भेटून घे.”

मी भेटून घेतलं नाही. मागचं फळकं पाडून ओवीसकट गाडीत चढले. पायांत घरातल्या चपला, शेगडीवर दूध. शेजारच्या वहिनींना ओरडून गॅस बंद करायला सांगितला. मिरज रस्त्यातच होती, ते आण्णांनाही माहीत होतं आणि मलाही. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, मोठ्यांदा गाणी लावलेल्या. एकीच्या मागं एक आम्ही सरकत होतो. आत्तीचं डोकं मी एका मांडीवर घेतलं, दुसऱ्या मांडीवर ओवी. ओवीनं हात लांब करून आत्तीचं कानातलं धरलं. “सोड गं भवाने, तेवढंच ऱ्हायलंय,” आत्ती म्हणाली, आणि कान तसाच तिच्या हातात राहू दिला. तिच्या अंगाला मला तो कांद्याच्या खोलीतला वास येईल असं वाटलं होतं. आला नाही. नुसता तापलेल्या पत्र्याचा आणि खोबरेलाचा. मी तिला हळूच सगळं सांगितलं. कशासाठी हवंय, कुणासाठी.

“मला काय उपेग त्याचा?”

“तुला काहीच नाही, आत्ती.”

“मग इचारतीस काय? घे की. न्हाईतरी डासच पीत्यात.” मग मान वर करून, “दादा, लालासाहेबाला थांबीव म्हन रं दवाखान्यापाशी. पोरगी एवढं म्हनतीया.”

दवाखान्याचं फाटक दिसायला लागलं होतं. बाहेर शहाळ्याची गाडी, रिक्षा, गेटाशी डबे घेऊन बसलेली माणसं. लालासाहेबानं पाय उचलला, गाडी हळू झाली. त्यानं आण्णांकडं बघितलं.

“चल फुडं,” आण्णा म्हणाले. आणि मग आत्तीला, अगदी सहज, बाजारात हट्ट करणाऱ्या पोराला सांगावं तसं: “परतताना बघू.”

फाटक मागं गेलं. शहाळ्यांची गाडी मागं गेली. आपण काय बोललो ते आण्णांच्या ध्यानात यायला रेल्वेचा पूल यावा लागला. त्यांची मान पाठीमागून लाल होत गेली ती मी बघितली. आत्तीचं अंग माझ्या मांडीवर गदगदलं. आधी मला वाटलं ती रडतेय; ती हसत होती. “परतताना व्हय?” ती म्हणाली. “बरं बरं. परतताना.”

“आण्णा, सुई टोचायला कितीसा वेळ लागतो?” मी ओरडले. ओवी दचकली.

“आन् सुई टोचताना तितंच काय झालं म्हंजे? दवाखान्यातनं मानूस लगेच देत्यात व्हय? मी रंगीच्या टायमाला बगितलंय. तिची पोरं आजून मला मामा म्हनत न्हाईत. इकडं अंबीच्या घरात बी तेच करून ठिवू? धुगधुगी हाय तवर तिच्या दारात न्हेऊन पोचवतो. मग तुमी काय बी करा.”

“आणि माझं काय? हिचं काय?”

“तुला काय झालंय? धडधाकट हाईस.”

“तुम्हीपण धडधाकट आहात, आण्णा. तुमच्यातनंच येतं ते.”

हे मी इतक्या हळू बोलले की गाडीच्या आवाजात ऐकू गेलं नसेल असं मला एक क्षण वाटलं. पण आण्णांनी मांडीवरचं पुडकं उचललं आणि पायाशी ठेवलं, मग पुन्हा उचलून मांडीवर घेतलं. जवानांना कवायत शिकवलेला माणूस. हातांचं काय करावं हे त्यांना कधी विचारावं लागलं नव्हतं. त्यांना मी काय दिलं आणि काय काढून घेतलं, याचा हिशेब मला अजून लागत नाही. ज्या बहिणी त्यांनी वाजत-गाजत दुसऱ्यांच्या घरी पोचवल्या होत्या त्या त्यांच्या अंगातून कुठं गेल्याच नव्हत्या. आणि त्यांतलं काहीतरी माझ्या पाठवणीच्या वेळी माझ्याबरोबर शिवतेजच्या घरात आलं होतं, आंदण म्हणून. असेल. किंवा नसेलही. निम्मी शक्यता. नाणं वर उडवलेलं आहे आणि ते खाली पडलेलं बघायला जी एक बाई हवी ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून दंडोबाच्या डोंगराकडं बघत होती.

डोंगर मागं पडल्यावर ऊस संपला. पुढं सगळी कोरडी रानं, ज्वारीची धाटं, कुठंतरी मेंढ्यांचा कळप पुसट, धुळीत धूळ. ओवीला भूक लागली. मी तशीच तिला पदराखाली घेतलं. आत्तीनं माझ्या हनुवटीकडं बघत विचारलं, “वडती का नीट?” “ओढते.” “माझी अनसूया चावायची. लय चावायची.” मग ती थोडा वेळ डोळे उघडे ठेवून पडली होती आणि मी ओवीला बाजू बदलून घेतली. नागज फाट्याच्या थोडं अलीकडं रस्त्याला मोठा खड्डा आला, गाडी उडाली, तिचं डोकं माझ्या मांडीवर उसळून परत पडलं तेव्हा ते जड होतं. आधीपेक्षा जड. ओवी पीत होती. मी तिला सोडवलं नाही. एका हातानं आत्तीचं मनगट धरलं आणि दुसरीकडं पिण्याचा तो गुटूगुटू आवाज, आणि मनगटात काहीच नाही. मनगट ऊनच होतं. आत रक्त असणार, अजून पातळ, अजून तेच. गाडी वळवली तर मिरज तासाभरावर. मला हा विचार आला; आणि तो आला म्हणून मी स्वतःच्या हाताकडं बघितलं, जसा तो दुसऱ्या कुणाचा आहे.

“आण्णा,” मी म्हणाले.

आण्णा मागं वळले. बघितलं. मग त्यांनी हात लांब करून आत्तीचा पदर नीट केला, तोंडावरून नव्हे, कपाळावरून, ऊन लागू नये म्हणून करावा तसा. “झोप लागलीया तिला,” ते म्हणाले. “हाकल, लालासाहेब.” लालासाहेबानं आरशात बघितलं, आरसा फिरवून बाजूला केला, आणि गाडी अशी काही पळवली की पुढं कुठला खड्डा लागलाच नाही. जतपर्यंत आम्ही चौघं एका झोपलेल्या बाईला घेऊन चाललो होतो. मी तिचं डोकं धरून ठेवलं होतं, हलू नये म्हणून. वाटेत एका टँकरपाशी आण्णांनी पाणी घेतलं आणि तिच्या ओठांना लावलं. ते खाली ओघळलं, माझ्या साडीला लागलं.

वस्तीवर माणसं वाट बघतच होती. आण्णा गाडी थांबायच्या आत उतरले. “आकाराम! पळ! पानी आन बिगी बिगी, घरघर लागलीया!” आकाराम, आत्तीचे मालक, तांब्या घेऊन धावत आले; तोवर आण्णांनी तिला दोन्ही हातांवर उचललं होतं. साठी ओलांडलेला माणूस. बहिणीला छातीशी धरून ते उंबरा ओलांडून आत गेले, आणि आतून त्यांचा आवाज आला, “गेली रं. आत्ता गेली.” मग बायकांचा कालवा उठला. एक म्हातारी कानडीत काहीतरी म्हणाली, दुसरीनं मराठीत सांगितलं, “नशिबाची. आपल्या दारात आली.”

अंघोळ घालायला मला आत बोलावलं; माहेरची बाई मीच. त्यांनी तिचं पोलकं कापून काढलं. एकीकडं ते होतं, थकलेलं, लोंबतं, आणि दुसरीकडं सपाट. काखेपर्यंत गेलेली आडवी शिवण, तोंड शिवलेल्या पोत्यासारखी. बायकांनी बघितलं आणि पाण्याकडं बघायला लागल्या. “कावीळ लय वंगाळ,” एकजण म्हणाली. बाकीच्या ‘व्हय बाई’ म्हणाल्या. मी तांब्यानं पाणी ओतत राहिले. आण्णांनी दारातून हिरवं लुगडं आत सरकवलं.

अनसूया, आत्तीची एकुलती लेक, मला वर्षानं थोरली, उमदीकडं दिलेली. ती रडत नव्हती. माणसं तिरडी बांधायला बाहेर गेली तशी तिनं माझा दंड धरला आणि वैरणीच्या खोलीत नेलं. ओवी बाहेर कुणाच्यातरी कडेवर होती. कडब्याचा वास, पत्र्याच्या भोकांतून पडलेले उन्हाचे ठिपके तिच्या तोंडावर. तोंड अगदी आत्तीचं. म्हणजे आण्णांचं. म्हणजे माझं.

“राजे, खरं सांग. जित्ती आली न्हवं माजी आई?”

मला बाहेरून आण्णांचा आवाज येत होता. ‘हो’ म्हणायला काही लागत नव्हतं. त्या घराला तेच हवं होतं, आण्णांनी त्यासाठी दवाखाना मागं टाकला होता.

“न्हाई,” मी म्हणाले.

“कुटं?”

“नागज फाट्याच्या अलीकडं. माझ्या मांडीवर. तुझं बोलत होती. तू चावायचीस म्हणून.”

तिनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग मी बाकीचंही सांगितलं, जसं जमेल तसं. चौकोन, गोल, निम्मी शक्यता. रंगूआत्तीला कावीळ नव्हती, फोड नव्हता. तुझ्या आईचं रक्त घ्यायचं होतं ते राहिलं. आता ते कुणाचंच सांगता येणार नाही, माझं नाही, तुझं नाही. पण तू दाखवून घे, मिरजेला ये, मी बरोबर येते, उद्या म्हणालीस तर उद्या. मी फार भराभर बोलत होते. ती ऐकत होती की नाही कळेना. तिची नजर दारावर. तिनं दार लोटलं, पाठीनं दाबून धरलं, आणि पोलक्याची वरची दोन बटणं काढली. माझा हात घेतला. तिचा हात गार होता, नुकताच मढ्याच्या पाण्यात भिजलेला.

“हितं बघ,” ती म्हणाली. “दिवाळीपासनं हाय. दुखत न्हाई म्हून कुनाला बोलले न्हाई.”

बोटांखाली ते लागलं. लहान होतं. मी बोट सरकवलं, ते सरकलं नाही. जिला आजार झालाय तिचं रक्त, बाई म्हणाल्या होत्या. बाहेर ओवी रडायला लागली आणि माझ्या अंगाला पान्हा फुटला, पोलकं भिजत गेलं, आणि मी हात काढून घेऊ शकले नाही. दाराच्या पलीकडं आण्णा कुणालातरी सांगत होते, श्वास होता, दारात येईस्तवर श्वास होता.